‘बाई’ म्हटल्याने अनादर होतो का?

सांगली जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

“माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर मी आमच्या गावच्या वाचनालयाचे काम पाहू लागलो. यंदाच्या वर्धापनदिनाला तालुक्याच्या गटविकास अधिकारी प्रमुख पाहुण्या होत्या आणि बँकेचे एक निवृत्त व्यवस्थापक अध्यक्षस्थानी होते. प्रास्ताविकात मी ‘साहेबांनी अध्यक्षपद स्वीकारले आणि बाईंनी वेळात वेळ काढला’ असे बोललो. निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या नावाआधी ‘सौ.’ आणि बालविभागाला मोठी देणगी देणाऱ्या एका वयस्कर भगिनींच्या नावाआधी ‘गं. भा.’ असे छापले होते. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत आमच्या सर्वांत तरुण सदस्या, ज्या वकिली करतात, म्हणाल्या की या तिन्ही गोष्टी स्त्रियांचा अनादर करणाऱ्या आहेत आणि निदान वाचनालयाने तरी त्या थांबवाव्यात. सभेत कोणीच काही बोलले नाही. मला ते फार लागले. माझ्या आईला आम्ही सर्व भावंडे ‘बाई’ म्हणत असू. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्या नावातील शब्द अनादराचा कसा असेल? माझ्या मनात कणभरही अवमान नव्हता. पुढच्या पत्रिकेत काय छापावे हे आता मला कळेनासे झाले आहे. त्या अधिकाऱ्यांना खुलाशाचे पत्र लिहावे का, तेही सांगावे.”

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ यांच्या बाबतीत पूर्ण बरोबर आहे आणि ‘बाई’च्या बाबतीत अर्धे बरोबर आहे, असे माझे मत आहे. ‘बाई’ हा शब्द मुळात अनादराचा नाही, हे आपले म्हणणे मी मनापासून मान्य करते. मात्र त्या दिवशी व्यासपीठावर, त्या वाक्यात आणि ‘साहेबां’च्या शेजारी बसून त्या शब्दाने पाहुण्यांना त्यांच्या पदापेक्षा कमी जागा दिली, हेही मला तितकेच खरे वाटते.

प्रथम आपल्या बाजूचे सांगते, कारण ती बाजू भक्कम आहे. स्त्रीच्या नावाला ‘बाई’ जोडणे हा मराठीत आदर दाखवण्याचा जुना आणि सर्वमान्य प्रघात आहे. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा चालवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, डॉक्टर रखमाबाई यांच्यापैकी कोणाच्याही नावातील ‘बाई’ काढून टाकावे असे कोणी म्हणणार नाही. पुढे मुलींच्या शाळा वाढल्या आणि शिकवणाऱ्या स्त्रीसाठी ‘बाई’ हेच संबोधन रूढ झाले. खेड्यापाड्यांतील कित्येक पिढ्यांनी स्वतःच्या कर्तृत्वावर उभी राहिलेली, पगार मिळवणारी आणि जिचा शब्द पाळावा लागतो अशी पहिली स्त्री पाहिली ती शाळेतल्या बाईंच्या रूपाने. नाव न घेता नुसते ‘आमच्या बाई’ म्हटले, की त्या म्हणण्यात धाक, जिव्हाळा आणि कृतज्ञता सारे येते. आपण आयुष्यभर शाळेत होतात, घरी आईला ‘बाई’ म्हणत होतात, तेव्हा आपल्या तोंडी हा शब्द सन्मान म्हणूनच येत असणार, याविषयी मला शंका नाही.

परंतु हाच शब्द शाळेच्या फाटकाबाहेर पडला की त्याचे वजन बदलते, आणि ते किती बदलते हे मराठी क्रियापदात स्वच्छ दिसते. ‘बाई आल्या’ म्हटले की वर्गातील मुले उठून उभी राहतात. ‘आज बाई आली नाही’ म्हटले की धुणीभांडी तशीच पडली आहेत, असा अर्थ होतो. शब्द एकच आहे, पण पहिल्या वाक्यात आदरार्थी अनेकवचन आहे आणि दुसऱ्यात नाही. त्याहून वाईट म्हणजे, ‘त्याने बाई ठेवली आहे’, ‘त्याला बाईचा नाद आहे’ या वाक्यांतही हाच शब्द येतो आणि तेथे तो स्त्रीला माणूस म्हणूनही उरू देत नाही. इकडे कोकणात ‘बाय’ म्हणून लेकीला आणि बहिणीला मायेने हाक मारतात, आणि गोव्याच्या कोकणीत ‘बायल’ हा स्त्रीसाठी आणि पत्नीसाठी रोजच्या वापरातला साधा शब्द आहे. मराठीत मात्र त्याच कुळातला ‘बायल्या’ ही पुरुषाला दिलेली शिवी आहे. म्हणून ‘बाई म्हणणे चांगले की वाईट’ असा सरसकट प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर मिळत नाही. तो शब्द कोणी, कोणाला, कोठे आणि कोणत्या शब्दाच्या जोडीने वापरला, हे पाहावे लागते.

यातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि आपल्या प्रसंगात नेमकी तीच घडली. शाळेत ‘गुरुजी’ आणि ‘बाई’ किंवा ‘सर’ आणि ‘बाई’ ही जोडी समसमान आहे, कारण दोन्ही शब्द शिकवणाऱ्या व्यक्तीचेच आहेत. ‘साहेब’ आणि ‘बाई’ ही जोडी तशी नाही. ‘साहेब’ या शब्दातून अधिकार सांगितला जातो; शाळेबाहेर ‘बाई’ या शब्दातून ती व्यक्ती स्त्री आहे, एवढेच कळते. आपल्या वाक्यात निवृत्त झालेल्या गृहस्थांना अधिकाराचा शब्द मिळाला, आणि ज्यांच्या सहीने आजही तालुक्यातील ग्रामपंचायतींची कामे पुढे सरकतात, त्या अधिकाऱ्यांना तो मिळाला नाही. त्यांच्या आधीच्या पुरुष गटविकास अधिकाऱ्यांना आपण व्यासपीठावरून काय म्हणाला असतात, हे आठवून पाहावे. ‘साहेब’च म्हणाला असतात, आणि त्यासाठी क्षणभरही विचार करावा लागला नसता. स्त्रीविषयीचा कोणताही शब्द योग्य आहे की नाही असा संशय आला, की त्याच जागी पुरुष असता तर काय म्हटले असते, एवढे मनाशी विचारावे. दोन्ही उत्तरे तोलामोलाची असतील तर शब्द खुशाल वापरावा.

ही कसोटी आजच्या पिढीने किंवा परदेशातील कोणी शोधून काढलेली नाही. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दूषणांचा वर्षाव होऊ लागला, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. स्त्रियांना जे जे दोष चिकटवले जातात ते एकेक घेऊन, हेच दोष पुरुषांत नाहीत काय, असा सडेतोड प्रश्न त्यांनी विचारला. आपल्या सहकारी वकिलांनी सभेत जे विचारले, त्याची परंपरा आपल्याच मातीत आणि आपल्याच भाषेत अशी जुनी आहे, हे लक्षात घेतले तर त्यांचे बोलणे आपल्याला कदाचित तितके परके वाटणार नाही.

आता पदांच्या नावांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण वाचनालयाच्या पत्रिकांमध्ये हा प्रश्न पुन्हापुन्हा येणार आहे. पाटलीण, सावकारीण, वकिलीण, डॉक्टरीण हे शब्द पाहा. पाटलीण म्हणजे पाटलांची बायको, वकिलीण म्हणजे वकिलांची बायको. स्त्रिया स्वतः ही कामे करू लागण्याच्या कितीतरी आधी हे शब्द तयार झाले, आणि त्यामुळे पुरुषाचे पद स्त्रीलिंगी करायचे म्हणजे पत्नीचे नाते जोडायचे, ही सवय भाषेच्या फार आतपर्यंत गेलेली आहे. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्यांना राष्ट्रपती कसे म्हणायचे याची चर्चा झाली होती. अखेर ‘राष्ट्रपती’ हाच शब्द कायम राहिला, आणि तेच योग्य होते, कारण सेनापती आणि सभापती या शब्दांप्रमाणे येथेही ‘पती’चा अर्थ प्रमुख असा आहे. तरीही जुलै २०२२ मध्ये लोकसभेतील काँग्रेसचे तेव्हाचे नेते अधीर रंजन चौधरी यांच्या तोंडून द्रौपदी मुर्मू यांच्यासाठी ‘राष्ट्रपत्नी’ हा शब्द गेला. आपण बंगाली आहोत, हिंदीचा सराव नाही, बोलण्याच्या ओघात चूक झाली, असे त्यांनी सांगितले आणि राष्ट्रपतींना क्षमायाचनेचे पत्रही लिहिले. देशाच्या सर्वोच्च पदावरील स्त्रीच्या बाबतीतही जीभ ‘पत्नी’कडे वळू शकते, म्हणून या सवयीकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते.

शिक्षिका, लेखिका, संपादिका, कवयित्री या शब्दांना माझा आक्षेप नाही. हे शब्द त्या त्या स्त्रीच्या स्वतःच्या कामाचे आहेत, कोणाशी असलेल्या तिच्या नात्याचे नाहीत. ‘अध्यक्ष’ की ‘अध्यक्षा’ याबद्दल मात्र स्त्रियांमध्येच दोन मते आहेत; काहींना ‘अध्यक्षा’ या शब्दात आपली ओळख स्पष्ट दिसते, तर काहींना पद एकच असताना शब्द वेगळा का, असे वाटते. संबंधित व्यक्तीला विचारता आले तर विचारावे. विचारणे शक्य नसेल तर नियुक्तीच्या आदेशात किंवा कायद्यात जे पदनाम आहे तेच छापावे, असे मी सुचवेन. सरपंच, सभापती, गटविकास अधिकारी, तहसीलदार, न्यायाधीश ही पदनामे तशीच वापरावीत. त्यापुढे ‘म्हणाल्या’, ‘आल्या’, ‘त्यांनी उद्घाटन केले’ असे लिहिले की मराठीत आदर येतो आणि बहुतेक ठिकाणी लिंगही आपोआप कळते.

याच कारणासाठी ‘महिला सरपंच’ आणि ‘लेडी डॉक्टर’ हे प्रयोग मला खटकतात. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात येऊन पंचायतींमध्ये स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यापर्यंत नेल्या. म्हणजे ज्या मुलीचा जन्म १९९३ नंतरचा आहे, तिने लहानपणापासून गावोगावी स्त्रिया सरपंच झालेल्या पाहिल्या आहेत. तिच्या दृष्टीने त्यात अपवादात्मक असे काही नाही. तरीही कार्यक्रमाच्या फलकावर आपण ‘महिला सरपंच’ असे लिहितो, म्हणजे खरा सरपंच कोणी वेगळाच असतो आणि ही त्यातली एक उपजात आहे, असे नकळत सांगतो. मग ‘सरपंचपती’ म्हणून तिचा नवरा व्यासपीठावर येऊन बसतो आणि भाषणही करतो, तेव्हा कोणालाच त्यात वावगे वाटत नाही. जेथे स्त्रीची नोंद वेगळी घेण्याचे खरेच कारण असेल, उदाहरणार्थ तालुक्याच्या इतिहासातील पहिल्या महिला सभापती असा उल्लेख करायचा असेल, तेथे ‘महिला’ हा शब्द अवश्य वापरावा.

आपल्या निमंत्रणपत्रिकेविषयी लिहिताना मला अधिक स्पष्ट बोलावे लागेल. पुरुषाच्या नावाआधी आपण ‘श्री.’ लिहितो. त्याचे लग्न झाले, पत्नी वारली, त्याने दुसरे लग्न केले, तरी ‘श्री.’ तेच राहते. पत्नी वारलेल्या पुरुषासाठी ‘विधुर’ हा शब्द भाषेत आहे, पण तो नावाआधी छापलेली पत्रिका मी पाहिलेली नाही आणि कोणी पाहिली असेल असे मला वाटत नाही. स्त्रीच्या नावाआधी मात्र आपण लग्नापूर्वी ‘कु.’, लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’, लग्नानंतर ‘सौ.’ आणि पती वारल्यावर ‘गं. भा.’ असे बदलत जातो. तिच्या आयुष्यातील पुरुषाची सद्यस्थिती काय आहे, हे तिच्या नावाआधी जाहीर करत राहण्याची ही पद्धत आहे. वाचनालयाच्या वर्धापनदिनाशी पाहुण्यांच्या लग्नाचा काहीही संबंध नव्हता. कदाचित त्या अविवाहित असतील, विभक्त असतील किंवा विवाहित असूनही ती बाब कार्यालयाबाहेर ठेवू इच्छित असतील. आपण न विचारता ते ठरवून टाकले आणि शेकडो प्रती छापून वाटल्या.

‘गं. भा.’चे प्रकरण याहून गंभीर आहे. गंगाभागीरथी हे शब्द पवित्र आहेत, त्यात निंदा नाही, असे त्याचे समर्थन नेहमी केले जाते. पण हे संबोधन ज्या काळात रुळले, त्या काळात त्याच स्त्रीचे केशवपन होत होते, तिला शुभकार्यात पुढे येता येत नव्हते आणि आलवण, म्हणजे विधवांसाठीचे तांबडे लुगडे, नेसून कोपऱ्यात बसावे लागत होते. पवित्र शब्दाने त्यातील काहीही कमी केले नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे सांगितले. शिरोळ तालुका तर आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, राज्याच्या तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव विभागाकडे चर्चेसाठी पाठवला, तेव्हा अनेक स्त्रियांनी आणि संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. विरोधामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शब्द कितीही गोड असला, तरी ‘हिचा नवरा गेला आहे’ ही सूचना तो प्रत्येक ठिकाणी तिच्या आधी पोहोचवतो, आणि हळदीकुंकवापासून बारशापर्यंत तिला कोठे बोलवायचे आणि कोठे टाळायचे, हे लोक त्या सूचनेवरून ठरवतात. ज्या भगिनींनी मुलांच्या पुस्तकांसाठी पैसे दिले, त्यांची ओळख आपल्या पत्रिकेने देणगीदार म्हणून करून द्यायला हवी होती.

मग काय छापावे? शासकीय पत्रव्यवहारात सर्व स्त्रियांसाठी ‘श्रीमती’ वापरण्याची पद्धत आहे आणि तोच मार्ग सोपा आहे. यात एक अडचण मात्र आपल्याला येईल. महाराष्ट्रात बराच काळ ‘श्रीमती’ हा शब्द विधवांच्याच नावाआधी लिहिला जात असे, त्यामुळे काही वयस्कर सुवासिनी आपल्या नावाआधी ‘श्रीमती’ पाहून दचकतात आणि क्वचित रागावतातही. सर्व स्त्रियांच्या नावाआधी सरसकट ‘श्रीमती’ येऊ लागले की हा गैरसमज हळूहळू जाईल. अर्धवट वापर केला तर तो वाढेल. माझी स्वतःची पसंती याहून साध्या मार्गाला आहे. पुरुष आणि स्त्री, दोघांच्याही नावाआधीची सर्व उपपदे काढून टाकावीत आणि नावाखाली पद किंवा काम लिहावे. ‘श्री.’ ठेवून फक्त स्त्रियांची उपपदे काढू नयेत, कारण मग स्त्रियांची नावे उघडी आणि पुरुषांची सजवलेली दिसतील.

सभासद नोंदणीच्या अर्जावर ‘श्री. / सौ. / कु.’ असे छापलेले असेल, तर तेही आत्ताच बदलून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली; त्यांच्यापैकी कोणी आपल्या वाचनालयात पुस्तक मागायला आले, तर त्या अर्जावर त्यांना खूण करायला जागाच नाही. पुस्तक देण्यासाठी नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पुरेसा असतो.

येथे एक काळजी घ्यावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ज्या स्त्रीला स्वतःच्या नावाआधी ‘सौ.’ हवे आहे, तिच्यावर आपली सुधारणा लादू नये. आपल्या आजी-आईच्या पिढीतील असंख्य स्त्रियांनी हे एक अक्षर अभिमानाने मिरवले आहे, आणि त्यांच्या अभिमानाला मागासलेपणा म्हणणे हाही त्यांचा अनादरच होईल. देणगीदार भगिनींनाही शांतपणे, त्यांच्या घरी जाऊन विचारावे, की पुढे देणगीदारांच्या फलकावर आपले नाव कसे लिहावे. त्यांच्या मुलाला किंवा पुतण्याला विचारून परस्पर उत्तर आणू नये. त्या कदाचित माहेरचे नाव सांगतील, कदाचित केवळ स्वतःचे आणि आडनाव सांगतील, कदाचित ‘गं. भा.’च राहू द्या म्हणतील. त्या जे सांगतील ते जसेच्या तसे लिहावे.

इतर काही शब्दांविषयी थोडक्यात लिहिते. ‘ताई’ आणि ‘मावशी’ हे शब्द बहुतेक वेळा आपुलकीचेच असतात, परंतु कामाच्या ठिकाणी नात्याचा शब्द पदाच्या जागी बसला, की त्या व्यक्तीकडून नात्यातल्यासारखे, वेळेचे आणि मोबदल्याचे भान न ठेवता काम करून घेण्याची मुभा आहे असे वाटू लागते. अंगणवाडी सेविकांना आणि आशा कार्यकर्त्यांना याचा अनुभव आहे. वाचनालय झाडून काढणाऱ्या स्त्रीला सगळे ‘मावशी’ म्हणत असतील तर म्हणावे, मात्र हजेरीपुस्तकात आणि वार्षिक अहवालात त्यांचे नाव आणि काम लिहिलेले असावे. ‘मोलकरीण’ हा शब्द मी स्वतः वापरत नाही. पण घरकामगार स्त्रियांनी हक्कांसाठी उभ्या केलेल्या काही संघटनांनी आपल्या नावातच तो घेतला आहे, आणि कोणता शब्द पत्करायचा हा अधिकार त्यांचा आहे. राज्याने २००८ मध्ये कायदा करून त्यांच्यासाठी जे कल्याण मंडळ स्थापन केले, त्यात ‘घरेलू कामगार’ असा शब्द आहे. बाहेरच्यांनी तो किंवा ‘घरकामगार’ हा शब्द वापरणे चांगले.

आपल्याला एखादा शब्द वाचनालयाच्या व्यासपीठावरून खरोखर हद्दपार करायचा असेल, तर तो ‘बाई’ नसावा. ‘आम्ही काही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत’, ‘बायकांसारखे रडू नका’, ‘बायल्या’, ‘बाईमाणूस असूनही केवढे काम केले’ ही बोलणी आधी थांबवावीत. आपल्याकडे अधिकाऱ्यांचा निषेध करायलाही त्यांना बांगड्यांचा आहेर दिला जातो आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. अशा प्रत्येक वेळी पुरुषाला कमी लेखण्यासाठी त्याला स्त्री ठरवले जाते, म्हणजे स्त्री असणे हेच कमीपणाचे आहे, असे गृहीत धरलेले असते. समोर खुर्च्यांवर बसलेल्या शाळकरी मुली ते ऐकतात, आणि मुलगेही ऐकतात. ‘बाई’ या शब्दात निदान दोन अर्थ आहेत आणि त्यातला एक मानाचा आहे. या बोलण्यांना एकच अर्थ आहे. पुढच्या व्याख्यानमालेला वक्ते बोलावताना त्यांना ही विनंती आधीच करून ठेवावी.

माझ्या मनात अवमान नव्हता, असे आपण लिहिले आहे. मला ते पटते, आणि आपल्या सहकाऱ्यांनाही ते पटलेले असणार. मनात खोट असलेल्या माणसाला कोणी असे समजावून सांगायला जात नाही. आपला हेतू चांगला होता याचा उपयोग इतकाच, की या प्रसंगाबद्दल स्वतःला अपराधी मानण्याचे कारण नाही. शब्द बदलायचा की नाही, हे ठरवताना मात्र तो ज्यांना उद्देशून बोलला गेला त्यांना तो कसा ऐकू येतो, हेच पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी आणि वकिलांसाठी स्त्रियांविषयीच्या साचेबंद शब्दांवर एक पुस्तिका काढली आणि अनेक रूढ शब्दांना पर्याय सुचवले. आपल्या सहकारी स्वतः वकील आहेत, तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे त्यांच्या व्यवसायातील ही चर्चाही असू शकेल.

त्यांनी आपल्याला भर कार्यक्रमात अडवले नाही, समाजमाध्यमांवर काही लिहिले नाही. त्या कार्यकारिणीच्या सभेत, संस्थेच्या चौकटीत बोलल्या. ज्येष्ठांचा आणि संस्थेचा मान राखण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. सभेतील त्या शांततेने त्यांनाही एकटे पाडले असेल. म्हणून पुढच्या सभेत आपणच तो विषय काढावा, त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे आणि पत्रिका, फलक व अर्ज यांतील उपपदांविषयीचा ठराव आपण स्वतः मांडावा. त्या ठरावाचा मसुदा करण्याचे काम त्यांच्या एकटीवर टाकू नये. स्त्रियांचा विषय आला की सगळे काम तेथे असलेल्या एकमेव तरुण स्त्रीच्या गळ्यात पडते, तसे येथे होऊ देऊ नये.

राहिला प्रश्न गटविकास अधिकाऱ्यांना खुलासा पाठवण्याचा. माझे मत असे, की तो पाठवू नये. आपल्या पत्रात आईची आठवण असेल, हेतूची ग्वाही असेल, दिलगिरीही असेल, आणि ते सारे वाचून आपली समजूत घालणारे उत्तर लिहिण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडेल. त्यांनी तक्रार केलेली नाही, आणि त्यांच्या टेबलावर त्याहून निकडीची कामे असतील. त्याऐवजी नेहमीप्रमाणे आभाराचे पत्र पाठवावे, त्यात त्यांचे नाव आणि पदनाम अचूक लिहावे, आणि वार्षिक अहवालाची मुद्रिते छापखान्यात परत देण्यापूर्वी त्यांच्या कार्यालयात दूरध्वनी करून, त्या स्वतःचे नाव कसे लिहितात, तेवढे विचारून घ्यावे.